पॅनोरमा जोडताना एक्स्पोजर आणि रंग: किती जुळवायचं, किती तसंच राहू द्यायचं?

कातळवाट

नमस्कार मंडळी. फोटोग्राफीतल्या जाणकारांची मदत हवी आहे.

ऑक्टोबरात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी पॅनो काढलाय. क्रॉप सेन्सरचा २४ मेगापिक्सेल कॅमेरा, ट्रायपॉड, २४ मिमी, कॅमेरा उभा धरून ७ फ्रेम, एकूण साधारण १८० अंश. दोन्ही टोकांना कड्याच्या दोन बाजू आणि पठार, मध्ये कोकणावरचं आकाश आणि ढगांच्या पट्ट्यामागे सूर्य, खाली बेलपाड्याकडची दरी. उजेड सारखा बदलत होता म्हणून अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी ठेवली. f/८, आयएसओ १००. शटर मधल्या फ्रेमला १/१००० आणि टोकाच्या फ्रेमना १/६० पर्यंत गेलाय. जेपेग आणि रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) दोन्ही आहेत.

हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जेपेग घालून जोडला. भूमिती झकास जुळली, कड्याची कड कुठेही तुटत नाही. पण रंगाचं गणित बसेना. तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेमच्या मध्ये आकाशात उभा करडा पट्टा येतो आणि टोकाचा कातळ गुलाबी दिसतो. फोटोमेट्रिकच्या (उजेड आणि रंग जुळवण्याच्या) यादीतला व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, बदलू देणारा पर्याय निवडला होता. तो बंद केला की गुलाबीपणा जातो, पट्टा राहतो. सगळंच बंद केलं की सात फोटो सात दिवसांचे वाटतात.

गावातल्या वाचनालयाच्या भिंतीसाठी ८ फूट बाय २ फूट प्रिंट करायचाय. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना आता गडावर जाणं होत नाही, त्यांना तो कडा पूर्ण बघता यावा एवढीच इच्छा आहे. कोणती सेटिंग्ज ठेवू?

पश्चिमवारा

फोटोशॉपचं फोटोमर्ज वापरा. 'ब्लेंड इमेजेस टुगेदर' आणि 'व्हिनेट रिमूव्हल' या दोन्हींवर टिक करा, बाकी ते बघून घेतं. उरलेला पट्टा ग्रॅज्युएटेड फिल्टरने मारता येतो. एवढा खोलात जायची गरज नाही असं माझं मत. आणि पुढच्या वेळी सरळ मॅन्युअल मोड.

जुना_रोल

कातळवाट, फोटो वाया गेलेला नाही, उलट तुमच्याकडे भरपूर माल आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि उत्तर बहुतेक वेळा "ऑटो करा" एवढंच मिळतं.

रोलच्या काळात आम्ही पॅनो म्हणजे चार-पाच प्रिंट शेजारी शेजारी चिकटवायचो. मिनीलॅबचं मशीन प्रत्येक निगेटिव्ह स्वतंत्रपणे बघून डेन्सिटी आणि कलर ठरवायचं. ज्या फ्रेममध्ये आकाश जास्त तिला एक करेक्शन, ज्यात झाडी जास्त तिला दुसरं. घरी येऊन लावले की एकाच आकाशाचे चार निळे. मग लॅबवाल्याला बजावून सांगावं लागायचं, "बाबा रे, हे पाच एकाच डेन्सिटीवर आणि एकाच कलरवर काढ, एखादा काळपट आला तरी चालेल." आज तेच काम कॅमेऱ्यातलं ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स आणि सावल्या उजळणारी सेटिंग्ज करतात. कुणाकडे ती अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग म्हणून असतात, कुणाकडे ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर म्हणून, कुणाकडे डीआरओ म्हणून. जेपेगमध्ये हे सगळं फ्रेमगणिक वेगळं लागतं.

म्हणून जोडताना मी एकच गोष्ट विचारतो: दोन फ्रेममधला हा फरक कॅमेऱ्याने केला की उजेडाने? कॅमेऱ्याने केला असेल तर तो पुरता काढायचा. उजेडाने केला असेल तर त्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी सूर्याकडचं आकाश उजळ आणि टोकाकडचं गडद असणारच. ते सारखं केलं की संध्याकाळ गेली, दुपार झाली.

आता तुमचे आकडे. f/८ आणि १/१००० म्हणजे आयएसओ १०० ला ईव्ही (एक्स्पोजरचा आकडा) १६. f/८ आणि १/६० म्हणजे ईव्ही १२. चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे टोकाच्या फ्रेमने मधल्या फ्रेमच्या सोळापट उजेड घेतला. हगिनमध्ये फोटोंच्या यादीत ईव्हीचा रकाना असतो. तिथे ऑप्टिमाइझ करण्याआधी एक्झिफमधून (कॅमेऱ्याने फोटोसोबत नोंदलेल्या माहितीतून) आलेले हेच आकडे दिसतील. ऑप्टिमाइझ केल्यावर परत बघा. एखाद्या फ्रेमचा आकडा पाव-अर्ध्याने हलला तर ठीक, तेवढ्या वेळात ढग सरकला असेल. पण १४ चा १४.९ झाला असेल तर प्रोग्रॅमची कुठेतरी फसगत झालीय. तुमचा करडा पट्टा मला तिथलाच वाटतो.

फसगत कशाने होते? हे ऑप्टिमायझेशन दोन फ्रेमच्या सामायिक भागातले तेच ते बिंदू घेऊन त्यांची तुलना करतं. १/६० किंवा १/१२५ च्या फ्रेममध्ये सूर्याकडच्या कडेला आकाश बर्न झालेलं असणार. तिथे कॅमेऱ्याने २५५ लिहून हात वर केलेत, खरा उजेड किती होता ते नोंदलंच गेलेलं नाही. शेजारच्या १/५०० च्या फ्रेममध्ये त्याच जागी खरा आकडा आहे. आता या दोघांची तुलना करून कुठलंही सॉफ्टवेअर बरोबर उत्तर कसं देईल? त्यातही संध्याकाळच्या आकाशात लाल चॅनेल आधी बर्न होतो, निळा उशिरा. म्हणजे एका फ्रेममध्ये लाल कमी भरतो. व्हाइट बॅलन्स मोकळा ठेवला की प्रोग्रॅम त्याची भरपाई म्हणून अख्ख्या फ्रेममध्ये लाल वाढवतो. तुमचा कातळ त्यामुळे गुलाबी झालाय. हगिनमध्ये ईआर आणि ईबी हे लाल-निळ्याचे गुणक बघा. १.० म्हणजे काही बदल नाही. टोकाच्या फ्रेमना ईआर १ पासून बराच लांब दिसेल असा माझा अंदाज आहे.

करायचं काय ते रात्री लिहितो, आता कामावर आहे.

कातळवाट

काका, ईआर पहिल्या फ्रेमला १.१४ आणि सातव्या फ्रेमला १.११ आहे! आणि चौथ्या फ्रेमचा ईव्ही १६ वरून १५.२ झालाय. रात्रीची वाट बघतो.

गणिती

जुना_रोल यांनी लिहिलेल्याच्या आतली यंत्रणा थोडक्यात सांगतो, ज्यांना रस असेल त्यांच्यासाठी.

मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांचा २००७ चा ऑटोस्टिच या पॅनो जोडणाऱ्या प्रोग्रॅमवरचा शोधनिबंध आहे. त्यात प्रत्येक फोटोला एकच गुणक देतात. सगळ्या सामायिक भागांत गुणकाने गुणलेल्या उजळपणातला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज कमीत कमी होईल असे गुणक शोधायचे. नुसतं एवढंच केलं तर सगळे गुणक शून्य हे सगळ्यात सोपं उत्तर निघतं: सगळे फोटो काळे, फरक शून्य. म्हणून गुणक १ च्या जवळ राहावा अशी एक अट वरून घालतात.

ओपनसीव्ही या प्रतिमांवर काम करणाऱ्या कोड लायब्ररीत हेच 'गेन' नावाने आहे. शिवाय 'गेन ब्लॉक्स' आहे, त्यात फोटोचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाला वेगळा गुणक देतात. 'चॅनेल्स' मध्ये लाल, हिरवा, निळा यांना वेगवेगळे. ब्लॉक्सचा पर्याय दिसायला गुळगुळीत निकाल देतो, कडांचा काळेपणा आणि ढगांची सावली दोन्ही झाकतो. पण वर म्हटलेला उजेडाचा खरा चढउतारही त्यात थोडा सपाट होतो. मी स्वतः निसर्गाच्या फोटोला साधा गेन वापरतो.

गुणक हा प्रकार फक्त उजेड सरळ प्रमाणात नोंदला असेल तेव्हाच खरा ठरतो. जेपेगवर कॅमेऱ्याने टोन कर्व्ह चढवलेला असतो, तिथे दुप्पट उजेडाचा आकडा दुप्पट येत नाही. हगिन तो कर्व्हही अंदाजाने काढतो, म्हणून त्याचं जेपेगवर बऱ्यापैकी निभतं. रॉ असेल तर मात्र जेपेगच्या वाटेला जाऊच नये.

रानजाई

मला एक वेगळा अनुभव मांडायचाय. व्हाइट बॅलन्स मोकळा सोडणं नेहमीच चूक नाही.

कास पठारावर सप्टेंबरात पॅनो काढताना माझ्याकडे फक्त जेपेग होते आणि ऑटो व्हाइट बॅलन्स होता. एक फ्रेम पूर्ण तेरड्याने गुलाबी, शेजारची पूर्ण सोनकीने पिवळी. कॅमेऱ्याला वाटलं उजेडच गुलाबी आहे, त्याने ती फ्रेम हिरवट केली. पिवळी फ्रेम निळसर केली. दोन्हींच्या सामायिक भागातला एकच दगड एकीकडे हिरवट राखाडी आणि दुसरीकडे निळसर राखाडी! तिथे हगिनचा व्हाइट बॅलन्सवाला पर्यायच कामी आला, कारण आकाश ढगाळ आणि मऊ होतं, काहीही बर्न नव्हतं. जुना_रोल काकांच्या कसोटीने बघितलं तर फरक कॅमेऱ्याने केला होता, म्हणून काढला. फक्त एक केलं: ज्या फ्रेममध्ये दगड, माती, गवत, फुलं असं सगळं मिसळलेलं होतं ती एक्स्पोजरसाठी अँकर (बाकीच्या फ्रेम जिच्याशी जुळवायच्या ती) ठेवली. पहिलाच फोटो अँकर राहू दिला असता तर सगळा पॅनो हिरवट झाला असता.

हगिनमध्ये जागेचा अँकर आणि एक्स्पोजरचा अँकर वेगळे असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

पश्चिमवारा

पोलरायझर लावलेला का? तो असेल तर कुठलंही सेटिंग लावा, उपयोग नाही.

कातळवाट

नाही, नव्हता.

रानजाई

बरं झालं. निरभ्र आकाशात सूर्यापासून ९० अंशांवरचा पट्टा पोलरायझरने गडद होतो. रुंद पॅनोत तो ढगासारखा मध्येच उभा राहतो आणि गुणकाने जात नाही, कारण तो प्रत्येक फ्रेमच्या आत वेगवेगळ्या जागी असतो. पावसाळी, पूर्ण भरलेल्या आकाशात मात्र मी बेधडक लावते. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चमक जाते आणि आकाशाला काही होत नाही.

जुना_रोल

रानजाई, कासचं उदाहरण अगदी चपखल. अँकरबद्दलचं तर सगळ्यांनी टिपून ठेवावं.

कातळवाट, आता तुमचं काम. जेपेग बाजूला ठेवा, रॉ उघडा. सातही फ्रेमना एकच व्हाइट बॅलन्स आकडा टाकून द्या. समजा ५६०० केल्विन, टिंटही सारखा. रॉमध्ये कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ही नुसती चिठ्ठी असते, ती काढून दुसरी लावता येते, त्यामुळे हगिनला रंगात हात घालायला काही उरतच नाही.

हायलाइट्स, शॅडोज, क्लॅरिटी, डीहेझ हे सगळे शून्यावर. इथे लोक फसतात. लाइटरूममधले हे स्लायडर फोटोत काय आहे ते बघून चालतात. सातही फ्रेमना हायलाइट्स उणे ५० दिलं तरी उजळ आकाशाच्या फ्रेमवर त्याचा परिणाम वेगळा आणि कातळाच्या फ्रेमवर वेगळा. आकडा सारखा, निकाल वेगळा. हे सगळं जोडून झाल्यावर अख्ख्या पॅनोवर एकदाच करायचं.

लेन्सच्या कडांचा काळेपणा एकतर रॉमध्ये प्रोफाइलने काढा, नाहीतर हगिनला काढू द्या. दोन्हीकडे काढलात तर कडा उलट उजळतील आणि आकाशात पुन्हा पट्टे येतील. f/८ ला तो तसाही थोडाच असतो.

मग १६ बिट टिफ काढा, एक्झिफ जपून. एक्झिफ गेला तर हगिनला चार स्टॉपचा फरक कळायचा नाही.

हगिनमध्ये आधी भूमिती पूर्ण करा. ती जुळलेली नसताना फोटोमेट्रिक चालवलं तर कातळाच्या बिंदूची तुलना आकाशाच्या बिंदूशी होते. फोटोमेट्रिक चालवण्याआधी मास्कमध्ये जाऊन, प्रत्येक फ्रेममधला बर्न झालेला आकाशाचा तुकडा 'एक्स्क्लूड रीजन' करून टाका. तो भाग शेजारच्या फ्रेममध्ये नीट आलेला आहे ना एवढी खात्री करून. सूर्यापासून लांबच्या कडेला आकाश बर्न नसेल, तिथे मास्क नको. मग 'कस्टम पॅरामीटर्स' निवडून फक्त ईव्ही मोकळा ठेवा. ईआर, ईबी बंद, व्हिनेटिंग (कडांचा काळेपणा काढणं) बंद.

अँकर म्हणून दुसरी किंवा सहावी फ्रेम घ्या, जिच्यात उन्हातला कातळ आहे. संध्याकाळचा तो कातळ नीट दिसला तर बाकीचं त्याच्या मागे येतं.

पश्चिमवारा

एवढं करून शेवटी चार स्टॉप एका प्रिंटमध्ये कसे बसवणार? कातळ उजेडात आणला की सूर्याकडचं आकाश पांढरंच होणार ना? म्हणूनच मी म्हणत होतो की मॅन्युअलमध्ये एकाच एक्स्पोजरने काढायला हवा होता.

जुना_रोल

प्रश्न रास्त आहे. एकाच एक्स्पोजरने काढला असता तर जोडणं सोपं गेलं असतं, हे खरंच. मीही बहुतेक वेळा तसंच करतो: सूर्य सोडून सगळ्यात उजळ आकाशाकडे कॅमेरा वळवायचा, हिस्टोग्राम उजवीकडे टेकणार नाही असा शटर ठरवायचा आणि मग काही हलवायचं नाही. पण तसं केलं असतं तर टोकाचा कातळ १/१००० ला चार स्टॉप काळा आला असता. उजळवला की त्यात नॉइज. इथे कातळाला त्याच्या वाटचा उजेड मिळालाय आणि आकाशाला त्याच्या वाटचा. रॉ आहेत, भूमिती जुळलीय, म्हणजे हे नुकसान नाही, फायदा आहे.

बसवायचे दोन मार्ग. एक, हगिनमधून 'हाय डायनॅमिक रेंज' निकाल घ्यायचा, ईएक्सआर फाइल मिळते, आणि टोन मॅपिंग (उजेडाचा मोठा पल्ला प्रिंटमध्ये मावेल असा बसवणं) दुसरीकडे करायचं. त्यासाठी ऑप्टिमाइझ करताना 'फिक्स्ड एक्स्पोजर' वाला एचडीआर पर्याय घेतला तर प्रोग्रॅम एक्झिफच्या ईव्हीवर विश्वास ठेवतो, अंदाज करत नाही. दोन, 'एक्स्पोजर फ्यूज्ड फ्रॉम एनी अरेंजमेंट'. त्यात एनफ्यूज हा प्रोग्रॅम काम करतो, मेर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांच्या २००७ च्या पद्धतीने: प्रत्येक ठिकाणी ज्या फोटोत कॉन्ट्रास्ट, रंगाची भर आणि एक्स्पोजर चांगलं, त्याचं वजन जास्त. एचडीआरपेक्षा हे सोपं. पण तुमच्या फ्रेम एकमेकींवर फक्त ३० टक्क्यांच्या आसपास चढतात. एकाच जागेच्या दोन-तीन एक्स्पोजर जिथे नाहीत तिथे फ्यूज करायला काही मिळत नाही, आणि ही पद्धत बाजूबाजूने आकाश सपाट करते. म्हणून तुमच्यासाठी मी पहिला मार्ग सांगेन. टोन मॅपिंग हलक्या हाताने करा. सूर्याभोवतीचं आकाश टोकाच्या आकाशापेक्षा दीड-दोन स्टॉप उजळ राहू द्या.

गणिती

एक भर. कातळवाट यांच्या चौथ्या फ्रेममध्ये सूर्य आहे. सूर्याकडे तोंड केलं की लेन्सच्या आत उजेड पसरून काळ्या भागांवर धुरकट थर चढतो. हा थर बेरजेचा असतो, गुणाकाराचा नाही, म्हणून कुठलाही ईव्ही गुणक तो काढू शकत नाही. त्या फ्रेममधली दरी शेजारच्या फ्रेमपेक्षा पांढुरकी दिसली तर त्याचं कारण हे. पीटीगुई या दुसऱ्या जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लेअरसाठी, म्हणजे या थरासाठी, वेगळं ऑप्टिमायझेशन आहे. हगिनमध्ये काम भागवायचं तर त्या फ्रेमचा ब्लॅक पॉइंट रॉमध्ये किंचित खाली घ्यावा लागेल. सगळ्या फ्रेम सारख्या ठेवायच्या या नियमाला हा एकच अपवाद.

सह्यमोबाईल

फोनवाल्यांसाठी काही? आमच्या ट्रेक ग्रुपमध्ये दहातले नऊ जण फोनच वापरतात.

रानजाई

फोनचा पॅनो मोड वापरायचा असेल तर सुरू करण्याआधी, मध्यम उजेडाच्या भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. आधी दरीवर लॉक केलं तर आकाश पांढरं, सूर्यावर केलं तर कडा काळा. खरा चांगला निकाल हवा असेल तर प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स तिन्ही आकडे ठरवून सुटे फोटो काढा, फोन उभा धरून, एक तृतीयांश भाग चढवत. साध्या मोडमध्ये फोन प्रत्येक फोटोवर स्वतःचं एचडीआर करतो, आणि ते जागोजागी वेगळं असतं. ते नंतर निघत नाही. डीएनजीची (फोनमधल्या रॉची) सोय असेल तर तीच घ्या.

कातळवाट

मंडळी, झालं एकदाचं!

रॉ घेतले, ५६०० केल्विन, सगळे स्लायडर शून्य, १६ बिट टिफ. पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या आणि सातव्या फ्रेममध्ये बर्न आकाशाला मास्क. फक्त ईव्ही मोकळा ठेवून आधी एकदा पडताळणी केली: चौथी फ्रेम १५.९, पहिली ११.९, सातवी १२.१. म्हणजे एक्झिफला धरूनच. करडा पट्टा गेला. मग एचडीआर करून हलकं टोन मॅपिंग. गणिती यांनी म्हटलेली दरी खरंच पांढुरकी होती. चौथ्या फ्रेमचा ब्लॅक पॉइंट थोडा खाली घेतल्यावर दरीतल्या सोंडा एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये सलग जाताना दिसायला लागल्या. कातळ आता तांबूस तपकिरी दिसतो, वर गवताची पिवळी किनार, आणि डावीकडून उजवीकडे जाताना आकाश हळूहळू उजळतं आणि परत मावळतं. जोड शोधूनही सापडत नाही.

पूर्ण रुंदी साधारण १९,००० पिक्सेल आली. ८ फुटांना पुरेल ना? आणि प्रिंट फ्लेक्सवर करू की आणखी कशावर?

जुना_रोल

फार आनंद झाला. १९,००० म्हणजे ८ फुटांना इंचाला जवळपास २०० पिक्सेल, भिंतीवरच्या प्रिंटला पुरून उरतात.

फ्लेक्स नको. उन्हापावसात टिकावं म्हणून तो असतो, आकाशातला बारीक चढउतार त्यावर मरतो. २४ इंची रोलवर छापणारी फोटो लॅब शोधा. २ फूट उंची रोलच्या रुंदीत बरोबर बसते, लांबी हवी तेवढी. कॅनव्हास किंवा मॅट कागद घ्या, चकचकीत नको, वाचनालयातली ट्यूबलाइट त्यावर दिसत राहील.

शेवटपर्यंत १६ बिट ठेवा, लॅबला द्यायची फाइल तेवढी ८ बिट एसआरजीबी करा. आधीच ८ बिट करून मग कर्व्ह ओढलात तर आकाशात पायऱ्या पडतील. लॅबवाल्याला "ऑटो करेक्शन बंद ठेव" असं स्पष्ट सांगा. आणि पूर्ण प्रिंटच्या आधी, तिसऱ्या-चौथ्या फ्रेमच्या जोडावरचा आकाश आणि दरी दोन्ही येतील असा ८ बाय १० इंचाचा तुकडा खऱ्या मापात छापून घ्या. तो वाचनालयातच नेऊन, प्रिंट लागणार त्याच भिंतीवर, तिथल्याच दिव्याखाली बघा. स्क्रीनवर बरोबर वाटलेली दरी छापल्यावर बहुधा थोडी काळी वाटते. तसं वाटलं तर सावल्या पाव-अर्धा स्टॉप वर घेऊन मग पूर्ण छापा.

कातळवाट

तुकडा शनिवारी छापून घेतो आणि इथे फोटो टाकतो. ऑटो करेक्शनचं फाइलच्या नावातच लिहून देतो.